धारवाडचे टेनिस आणि फिरस्ते खेळाडू

बेळगाव मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की सुमारे ऐंशी किलोमीटरवर धारवाड लागते. सह्याद्रीची हिरवी झाडी येथे ओसरत जाते आणि पुढे पूर्वेकडे काळ्या कसदार जमिनीचे सपाट रान सुरू होते. या दोन प्रदेशांच्या उंबरठ्यावर, सुमारे चोवीसशे फूट उंचीवर हे गाव वसले आहे. तेथून वीस किलोमीटरवर हुबळी. १९६२ साली दोन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका झाली. तरीही दोघांचे स्वभाव वेगळेच राहिले. हुबळी व्यापारउदिमाची आणि रेल्वेची, तर धारवाड विद्यालयांचे, गवयांचे आणि निवांत गप्पांचे. आता ‘चिगरी’ नावाच्या वेगवान बसगाड्या दोघांच्या मधून धावत असतात. चिगरी म्हणजे हरिण. नाव मोठे समर्पक आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले, हुबळीत गंगूबाई हनगल राहत, धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर. जी. ए. कुलकर्णी यांनी येथील महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे घरी मराठी बोलत कानडीचे थोर कवी झाले. पाहुणा येथे येतो तो गाण्याची आठवण काढतो, पेढ्यांचा पुडा घेतो आणि परततो. मात्र या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून निसटते. ती म्हणजे येथील टेनिस.

धारवाड जिल्हा लॉन टेनिस संघटनेच्या मैदानाशी ‘राजाध्यक्ष पॅव्हिलियन’ हे नाव जोडलेले आहे. परप्रांतात असे आडनाव दिसले, की आपल्यापैकी कोणाचेही पाऊल क्षणभर थबकावे! याच मैदानावर २०२३ च्या ऑक्टोबरात, ऐन नवरात्रात, पुरुषांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा झाली. एकूण बक्षीस पंचवीस हजार डॉलरचे. अंतिम सामन्यात रामकुमार रामनाथन याने दिग्विजय प्रताप सिंग याला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळवले.

रामकुमार हे नाव सामान्य नव्हे. २०१७ साली तुर्कस्तानातील अंताल्या येथे त्याने जगात आठव्या क्रमांकावर असलेल्या डॉमिनिक थीमला हरवले होते. २०१८ साली अमेरिकेतील न्यूपोर्टच्या स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि जागतिक क्रमवारीत १११ व्या स्थानी आला. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत साकेत मायनेनीसह त्याने दुहेरीचे रौप्यपदक पटकावले. त्यानंतर तीन-चार आठवड्यांतच तो धारवाडात खेळत होता. एवढा मोठा खेळाडू एवढ्या लहान गावात का आला, असे वाचकांना वाटेल. याचे उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे.

व्यावसायिक टेनिसपटूला पगार नसतो. जो जिंकेल त्यालाच पैसा आणि गुण. शिवाय मिळवलेले गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी याच सुमारास कमावलेले यंदा गळून पडतात आणि तेवढे पुन्हा मिळवावे लागतात. शेतकऱ्याला दरसाल नव्याने पेरणी करावी लागते, तसेच हे आहे. क्रमवारी घसरली, की मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. मग लहान स्पर्धांच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. विम्बल्डनच्या हिरवळीकडे जाणारी वाट अशा गावांतूनच जाते.

या पायरीवरचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पंचवीस हजार डॉलर ऐकायला भरघोस वाटतात. पण ते एकेरीचे बत्तीस खेळाडू आणि दुहेरीच्या सोळा जोड्या यांत वाटले जातात. त्या वर्षीच्या प्रमाणानुसार एकेरीच्या विजेत्याला सुमारे छत्तीसशे डॉलर, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास मिळत. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती सुमारे दोनशे साठ डॉलर, म्हणजे एकवीस-बावीस हजार रुपये. त्यातून कर कापला जाणार. प्रवास, राहणे, जेवण आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च वेगळाच. प्रशिक्षक बरोबर असेल तर त्याचाही भार. म्हणूनच दोघेदोघे एका खोलीत राहतात आणि एकमेकांशी सराव करतात. कधी दुपारी त्याच सोबत्याविरुद्ध उतरण्याची वेळ येते.

गोल्फच्या फिरत्या स्पर्धांचीही जात हीच. भारतातील व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना २००६ साली स्थापन झाली. तिचे खेळाडूही वर्षभर या शहरातून त्या शहरात जातात. तेथे चार दिवसांच्या सामन्यात दोन दिवसांनंतर चाळणी लागते आणि त्यातून गळणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो. आपला उदयन माने याच वाटेने टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत गेला. बिडदीजवळच्या खेड्यातला चिक्करंगप्पा शेजारच्या मैदानामुळेच या खेळाकडे वळला. मात्र अठरा खड्ड्यांच्या गोल्फ मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, पाण्याची नासाडी होते ती निराळीच. टेनिसचे अंगण एका मोठ्या वाड्याच्या चौकात मावते. मध्यम गावाला परवडेल असा आंतरराष्ट्रीय खेळ हाच.

चिक्करंगप्पाच्या उदाहरणात एक मोठे तत्त्व आहे. घराशेजारी मैदान असले, की मुलाच्या मनात खेळाचे बी पडते. धारवाडच्या स्पर्धेचे मोलही त्यातच आहे. आपल्या मुलांना गुण मिळवण्यासाठी परदेशाची वारी करावी लागली, तर एका स्पर्धेचा विमानखर्चच बक्षिसाहून अधिक होतो. तीच स्पर्धा देशात, रेल्वेच्या अंतरावर असली, तर सामान्य पगारदाराचा मुलगाही पात्रता फेरीत नशीब अजमावू शकतो. शिवाय गावातली दहा-बारा वर्षांची पोरे जाळीपासून चार हातांवर उभी राहून पाहतात, की जागतिक क्रमवारीतला माणूस सर्व्हिस कशी करतो, चुकल्यावर कसा स्वतःशी पुटपुटतो आणि पुन्हा रेषेवर जाऊन कसा उभा राहतो. दूरदर्शनच्या पडद्यावर ही जवळीक लाभत नाही.

गाण्याच्या बाबतीत हा मुलूख संपन्न झाला तो अशाच जवळिकीमुळे. थोर गवई शेजारच्या गल्लीत राहत, त्यांचा रियाझ पहाटे कानावर पडे आणि मुले नकळत घडत. खेळालाही तोच न्याय लागू आहे. फरक इतकाच, की गवई येथे राहिले आणि हे खेळाडू आठवडा संपताच पुढच्या गावाची गाडी धरतात. तेव्हा त्या आठवड्याचे चीज करणे गावकऱ्यांच्याच हाती.

तेव्हा हुबळीच्या दीड किलोमीटर लांबीच्या प्रचंड फलाटावर उतरलात, तर पेढ्यांच्या दुकानाची वाट अवश्य धरावी. पण स्पर्धेचा हंगाम असेल तर मुलाबाळांना घेऊन राजाध्यक्ष पॅव्हिलियनकडेही वळावे. पहिल्या फेरीत हरून आपली पिशवी आवरणारा एखादा तरुण दिसला, तर त्याच्यासाठी दोन टाळ्या अधिक वाजवाव्यात. सोमवारी तो दुसऱ्या गावी पुन्हा शून्यापासून आरंभ करणार असतो.