मागणं आणि मिळणं

आमच्या मंडळीत दर शुक्रवारी प्रार्थनासभा असते. साक्ष द्यायची वेळ आली की एकेक जण उठतो. कुणाला फ्लॅट मिळाला, कुणाच्या मुलाला व्हिसा, कुणाला बढती. सगळे 'आमेन' म्हणतात. मीही म्हणतो, दुसऱ्याचं भलं झालं तर आनंदच आहे. पण मनात येतं, ज्याला यातलं काहीच मिळालं नाही, त्यानं कशाची साक्ष द्यायची?

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. वर्गात असतो तर मुलांना विचारलं असतं, बरे किती झाले? दहा. परत किती आले? एक, आणि तोही शोमरोनी. नऊ जणांना आरोग्य मिळालं. दहाव्याला आरोग्य देणाराही भेटला.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे, हे खरंच. पण ती आजच्यापुरती, आणि तिच्याआधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा... क्रम पाहा!

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. असं सगळ्यांना जमणार नाही, जमावं असंही नाही. घरात चूल पेटायलाच हवी. पण चूल पेटली म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र नव्हे.

आमच्या हिला २०१६ साली कर्करोग झाला. एक उपदेशक घरी येऊन म्हणाले, विश्वास पक्का असेल तर आजार राहणारच नाही. ती काही बोलली नाही. आम्ही उपास केले, प्रार्थना केल्या. आजार राहिला. शेवटच्या महिन्यात ती मला म्हणाली, "अहो, आता मागणं पुरे. नुसतं त्याच्याजवळ बसू या." मग रोज संध्याकाळी आम्ही तसेच बसायचो. मी तेविसावं स्तोत्र वाचायचो. दुखणं कमी झालं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. त्या उपदेशकांच्या हिशेबात हे कुठं बसेल कोण जाणे. माझ्या हिशेबात आम्हाला मिळालेलं सगळ्यात मोठं तेच.

असो. पुतणे-भाच्या फोनवर विचारतात, "काका, तुमच्यासाठी काय मागू?" गुडघे फार दुखतात, तेवढं जरूर सांगा. पण आधी त्याच्याजवळ घटकाभर बसा, मग गुडघ्यांचं काढा!