घोळ, रुई आणि रिकामा प्लॉट

नागपूरच्या प्रताप नगरात दोनचार पाऊस झाले की रिकामे प्लॉट हिरवेगार होतात आणि शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. ‘‘भाऊ, हे झुडूप काढून टाका ना, साप येते!’’ भीती खोटी नाही. पण रुई तोडली की बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळीचं ताट उचललं जातं आणि घोळ खुरपली की छोटा चांदवा या फुलपाखराच्या अळीचं.

हा छोटा चांदवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वर्षानुवर्षं वाघाच्या पंगतीला बसलेला होता. आणि खातो काय, तर आपल्या वरणात पडणारी घोळ! नर मखमली काळा, पंखांवर निळ्या-जांभळ्या कडेचे पांढरे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी. मारुतीला वाहतात त्याच रुईवर कडव्याची अळी वाढते. पांढरी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची ही अळी आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहू देते, मग निवांत खाते. तरी विष अंगात भिनतंच. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही, आणि त्याचा फायदा चांदव्याची बिनविषारी मादी उठवते. अंबाझरी तलावाच्या काठी दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्या मित्रांना म्हणूनच मी सांगतो, तिचा रंग तुमच्या पाखरांनीच निवडून निवडून घडवलाय.

डॉ. आशिष टिपले आणि डॉ. अरुण खुरद यांनी 2009 साली नागपूर परिसरातल्या फुलपाखरांच्या 145 जातींची नोंद प्रसिद्ध केली. ठाण्याजवळच्या ओवळ्यात राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली. आमच्याकडे शेत नाही, दुसऱ्याचा प्लॉट आहे. मालकाला विचारून रविवारी आम्ही काही जण खुरपी घेऊन बसतो. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट काढतो, घोळ राखतो. कुंपणाला कढीपत्ता लावलाय, बहुरूपी फुलपाखरासाठी. नुसती शोभेची फुलझाडं लावून ‘फुलपाखरू उद्यान’ अशी पाटी ठोकणं मला पटत नाही. मधासाठी फुलपाखरं कुठल्याही फुलावर येतील. अंडी मात्र ठरलेल्या झाडावरच घालतील. आणि सगळ्याच अळ्यांची फुलपाखरं व्हायची नसतात. शिंपी आणि वटवट्या हे पक्षी आपल्या पिल्लांसाठी त्यातल्या कितीतरी उचलतात, तक्रार नाही.

यंदा अंगणातली घोळ उपटाल तेव्हा पानं उलटून बघा. काळी, काटेरी, तांबूस डोक्याची अळी दिसली, तर तेवढा वाफा दिवाळीपर्यंत राहू द्या.