किती फूट झालं पाणी?

बालमित्रांनो, कोल्हापूरला गेलात की अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा कुणी चुकवत नाही. पण एकदा शहराजवळच्या प्रयाग चिखलीलाही जाऊन या. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी इथे एक होतं. पाचवी सरस्वती गुप्त आहे, अशी श्रद्धा. म्हणून पुढच्या नदीचं नाव पंचगंगा! उन्हाळ्यात संगम कसा शांत असतो आणि चहूकडे हिरवागार ऊस.

पावसाळ्यात मात्र हेच पाणी गावात शिरतं. मग लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘किती फूट झालं?’ पाण्याची ही उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, ही बातमी आली की काळजी आणखी वाढते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. अनेकांना वाटलं, २००५ साली आलं होतं तेवढंच येईल. शिवाय दावणीची गुरं सोडून जायचं तरी कसं? पण पाणी जुनी खूण ओलांडून वर चढलं. माणसं घरातच अडकली. बोटी आणून त्यांना बाहेर काढावं लागलं.

मग जुलै २०२१ आला. या वेळी पाणी ५६ फुटांवर गेलं, म्हणजे आणखी जास्त! पण आता पुष्कळ गावकरी आधीच उठले आणि जनावरं घेऊन सोनतळीच्या उंच माळावर गेले. पुरानं शेताचं, घराचं नुकसान केलंच. पण जीव वाचवायला बोटीची वाट बघत बसावं लागलं नाही. मुलांनो, गावाची खरी ताकद ही! बाहेरची मदत हवीच, पण ती पोचायला वेळ लागतो. कधी निघायचं हे मात्र गाव स्वतः ठरवू शकतं.

तुमचं गाव नदीकाठी आहे का? मग आजी-आजोबांना विचारा, पूर कुठवर आला होता? शाळेच्या भिंतीवर तिथे रेघ मारा. आपल्या गल्लीत कोण म्हातारं आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, गुरं किती, याची यादी करा. उंचावरची जागा आत्ताच बघून ठेवा. आणि लक्षात असू द्या, पाणी त्या रेघेशी थांबेलच असं नाही!