आधी प्लास्टर, मग सुरी

जन्मतः वाकड्या पावलांवर खरा इलाज ऑपरेशनच, असं मी बरीच वर्षं ठामपणे मानत आलो. क्लबफूट म्हणतात त्याला. पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली. हजार बाळांमागे एखाद-दुसऱ्याला हे असतं. मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीने, आणि निम्म्यांचे दोन्ही पाय तसे. आमच्या शिक्षणाच्या काळात प्लास्टर म्हणजे निव्वळ वेळ काढणं. खरं काम थिएटरमध्ये: घोट्याच्या आतून-मागून मोठी चीर, आखडलेल्या शिरा लांब करायच्या, सांध्यांची आवरणं सोडवायची, हाडं जागेवर आणून तारा घालायच्या. पाऊल टेबलावरच सरळ व्हायचं. आईबाप हात जोडायचे, आणि आपण सर्जन झालो ते सार्थकी लागलं असं वाटायचं.

माझं मत फिरवलं ते एका प्रश्नाने: हा निकाल तपासायचा कधी? टाके काढताना, की मूल तिशीचं झाल्यावर?

हा प्रश्न इग्नासिओ पोन्सेतींना फार आधी पडला होता. मूळचे स्पेनच्या मिनोर्का बेटावरचे. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार केले, पराभवानंतर देश सोडला आणि 1941 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोहोचले. तिथे पूर्वी ऑपरेशन झालेले रुग्ण त्यांनी तपासले, तर पावलं ताठर आणि दुखरी. चिरलेल्या जागी व्रण धरतो आणि आखडतो. मुलाचं पाऊल मात्र वाढत असतं. पोन्सेतींनी ऑपरेशनऐवजी हळुवार वळवण्याची पद्धत बसवली, 1963 मध्ये निष्कर्ष छापले, आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

मला हलवलं ते आकड्यांनी. 1995 मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांचा अभ्यास आला. सरासरी वय 34. वेदना आणि हालचाल यांवर जोखलं तर 78 टक्के चांगल्या किंवा उत्तम स्थितीत. हा दोष कधीच नसलेल्या माणसांत तोच आकडा 85 टक्के. 2006 मध्ये ऑपरेशनवाल्यांचा तीस वर्षांचा हिशेब आला: ताठरपणा, संधिवात, दुखणं, आणि जितकी मोठी सोडवणूक, तितकं पाऊल अधिक निकामी. ते वाचून मी प्लास्टर घालायला नव्याने शिकलो.

शिकताना हाताची सवय मोडावी लागली. पहिल्या प्लास्टरला अंगठ्याकडचा भाग वर उचलायचा. पाऊल उलट जास्तच वाकडं दिसतं, आणि नातेवाईक एकमेकांकडे बघू लागतात. पुढे घोट्याच्या बाहेरच्या बाजूला टॅलस हाडाच्या डोक्यावर अंगठा टेकवून त्याच्याभोवती पाऊल हळूहळू बाहेर न्यायचं. टाच हाताने ओढायची नाही; ती आपसूक मागोमाग येते. बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, दर आठवड्याला नवं, साधारण पाच-सहा. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर शेवटी जागा बधिर करून बारीक पात्याने कापावी लागते. तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये ती वाढीव लांबीने पुन्हा जुळते.

तरीही माझा सर्जनचा तोरा पुरता गेला नव्हता. शेवटचं प्लास्टर उतरलं की आपलं काम संपलं, अशीच समजूत होती. पण पुढे दांडीला जोडलेले बूट असतात. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पावलं पुन्हा वळतात ती बहुतेक वेळा हे बूट सुटल्यामुळे. असंच एक बाळ परत आलं तेव्हा मी आईवर आवाज चढवला. ती गप्प राहिली. बोलल्या त्या आजी. "डॉक्टर, लेकरू रातभर रडतंय. पोटच्या पोराला असं जखडून कसं झोपवायचं? मीच काढते बूट." शिवाय ग्रहण पाळलं नाही म्हणून असं मूल झालं, हे ती आई घरात रोज ऐकत होती. क्लबफूटचा ग्रहणाशी काही संबंध नाही, बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही, हे सगळ्या घराला बसवून सांगणं हाही उपचारच आहे, हे मला तिथे पटलं. आता आजींना आणि बापाला बोलावल्याशिवाय मी बूट देत नाही.

ऑपरेशन बाद झालेलं नाही. तीन वर्षांपुढचं मूल चालताना पाऊल पुन्हा आत टाकू लागलं, तर नडगीपुढच्या स्नायूची शीर पावलाच्या बाहेरच्या बाजूला नेऊन बसवतो. सांधा उघडावा लागत नाही. फार ताठर पावलांना आजही मोठं ऑपरेशन लागतं. पण ते शेवटी.

घरात असं बाळ जन्मलं तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. कुणी थेट मोठं ऑपरेशन सुचवलं, तर आधी प्लास्टरचं विचारा. आणि पाऊल कितीही सरळ दिसलं, तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत रात्रीचे बूट काढू नका.