एकादशी आणि स्पेनचा भात

पांडेसऱ्यात राहणाऱ्यास ‘बाहेर जेवणे’ या शब्दांचा अर्थ मुंबईकराहून निराळा लागतो. सुरतेच्या या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने रात्रंदिवस चालतात, आणि येथे जो बाहेर जेवतो तो बहुधा जवळ घर नाही म्हणून जेवतो. गंजाम जिल्ह्यातून आलेला ओडिया कामगार पाळीवरून सुटला की मेसमध्ये भात-डाळ जेवतो. खानदेशी मनुष्य आपल्या माणसाची खाणावळ गाठून शेवभाजी मागतो. आणि सकाळी लोचोच्या गाडीभोवती सगळेच जमतात. आमच्यासारखी कोंकणी बोलणारी घरे येथे अगदी मोजकी. त्यामुळे आमचे जेवण घरीच, आणि आमच्या मातोश्रींचे तर देवळातील पंगत सोडली तर अन्यत्र कोठेच नाही. त्या मातोश्री गतवर्षी मुंबईस एका स्पॅनिश उपाहारगृहात जाऊन बसल्या, ही आमच्या कुटुंबाच्या इतिहासात नोंदण्याजोगी घटना होय.

निमित्त आमच्या भाचीचे. ती उच्च शिक्षणासाठी स्पेनमधील वालेन्सिया नगरीस निघाली होती. मातोश्रींची हरकत परदेशगमनास नव्हती. त्यांचा प्रश्न एकच, पोर तेथे जेवणार काय? “जेवण डोळ्यांनी पाहीन, मग काय तो आशीर्वाद देईन,” असे त्यांनी उधना स्थानकावर गाडीत पाऊल ठेवताना बजावले. भाचीचे विमान दुसऱ्या दिवशीचे. म्हणजे पाहायचे ते त्याच रात्री, आणि तो दिवस एकादशीचा. आम्ही स्वतः एकादशीच्या बाबतीत शिथिल आहोत. मातोश्रींसमोर मात्र ते उच्चारण्याची प्राज्ञा नाही.

आमच्या समाजातील वृद्धांना स्पेन परका वाटत असेल, परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो देश आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेला आहे. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते. अर्थात ती साठ वर्षे गोव्याचा धनीही तोच. १६१२ साली सुरतेजवळ सुवालीच्या समुद्रात इंग्रजांनी ज्या पोर्तुगीज गलबतांना मागे हटविले, त्यांचाही अंतिम स्वामी माद्रिदमध्येच बसलेला होता. हल्ली त्याच किनाऱ्यावर सुरतकर रविवारी हवा खावयास जातात.

आणि अन्नाच्या प्रश्नाचा तर आमच्या पूर्वजांना फारच कडू अनुभव. स्पेनमध्ये इन्क्विझिशनच्या काळी कोण डुकराचे मांस टाळतो, कोण चरबीऐवजी तेलात रांधतो, यावरून शेजारी शेजाऱ्याच्या धर्माविषयी चुगली करीत असत. गोव्यात १७३६ साली याच संस्थेने जो जाहीरनामा काढला, त्यात बाटलेल्या कुटुंबांना अंगणात तुळस ठेवण्याची मनाई होतीच. शिवाय हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवू नये अशीही आज्ञा होती. ज्या राज्यात भातातले मीठ सरकार पाहू लागले, तेथून देव आधीच निघून गेले होते. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून रातोरात नदी ओलांडून प्रियोळास आले, ही कथा वाचकांस आम्ही काय सांगावी?

तेव्हा मातोश्री त्या मंद दिव्यांच्या दालनात पदर सावरून बसल्या, त्या वेळी आमच्या मनात धाकधूक होती. वाढपी तरुण होता. गळ्यात बारीक क्रूस. त्याने आमचे आपसातले बोलणे ऐकले असावे, कारण वही हातात घेऊन तो सरळ मातोश्रींकडे वळला आणि म्हणाला, “आई, तुमी कितें कितें खायनात तें म्हाका सांगात.”

तुम्ही काय खात नाही ते सांगा! याच प्रश्नापायी दोन-तीन शतके माणसे घरे सोडून पळाली. येथे तो विचारणारा लिहून घेत होता, तो आत स्वयंपाक्याला सांगण्यासाठी. मातोश्रींनी त्याचे गाव विचारले. तो साष्टीचा निघाला. “आमचो देवय मुळचो साश्टीचोच, पुता,” मातोश्री म्हणाल्या, आणि मग पाच मिनिटे आमच्याकडे कोणी पाहिलेदेखील नाही.

खाद्यपत्रिका भाचीने वाचून दाखविली. त्या भाषेत भाताला ‘आर्रोस’ म्हणतात, साखरेला ‘आसूकार’, नारिंगाला ‘नारांहा’. साखरेचा तो शब्द आमच्या शर्करेपासून निघून फारसी-अरबीच्या वाटेने तेथवर गेलेला, आणि नारांहाचे मूळही संस्कृत नारंगातच. वांग्याला ते ‘बेरेनहेना’ म्हणतात. त्याचेही कूळ भाषापंडित अरबी-फारसीतून संस्कृतातच नेऊन पोहोचवितात. मातोश्रींना हे ऐकून समाधान वाटले, पण पोट भरण्यास व्युत्पत्ती उपयोगी नव्हती.

गंमत अशी की त्या रात्री त्यांना चालण्याजोगा जो पदार्थ होता, तो उलट दिशेने आलेला. आमचे उपवासाचे ताट पाहा: बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद. यांतले एकही भारतातले नव्हे. सारे अमेरिका खंडातून, स्पॅनिश व पोर्तुगीज खलाशांमुळे जगभर पसरलेले. पुरीच्या जगन्नाथाच्या मुदपाकखान्यात बटाटा-टोमॅटोला अद्याप प्रवेश नाही. आम्ही मात्र बटाट्यास थेट एकादशीच्या पंक्तीत बसविले. मातोश्रींसाठी निराळ्या कढईत, निराळ्या तेलात बटाट्याचे तुकडे तळून आले. वरचे लसणीचे लाल तिखट वगळलेले. तेल कोणते, असे त्यांनी विचारले. ऑलिव्हचे, म्हणजे फळ पिळून काढलेले, हे कळताच त्या उद्गारल्या, “मग हा फलाहारच झाला.” धर्मशास्त्राचा असा झटपट निर्णय आम्ही प्रथमच ऐकला.

खरा प्रसंग ‘पाएया’ आली तेव्हा. हे वालेन्सियाचे अभिमानाचे अन्न. नगराजवळच्या अल्बुफेरा सरोवराकाठी भातशेती आहे. तेथला आखूड दाण्याचा तांदूळ, केशर आणि जे हाती लागेल ते, रुंद उथळ कढईत न ढवळता शिजवितात. तळाशी जी खरपुडी धरते तिच्यासाठी तेथे घरोघर भांडणे होतात म्हणे, आणि हे ऐकून आम्हांस स्वतःच्या बालपणाची आठवण झाली. आमच्यासाठी ती भाज्यांची केली होती. वाढप्याने सांगितले की खेड्यात सर्व कुटुंब त्याच कढईतून चमच्यांनी जेवते.

“एकाच भांड्यातून? सगळ्यांचें उश्टें?” मातोश्रींचा हात कपाळाला गेला.

तो म्हणाला की प्रत्येकाने आपल्यासमोरचा त्रिकोण तेवढा खायचा. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालणे असभ्यपणाचे. मातोश्री थोडा वेळ कढईकडे पाहत राहिल्या. आमच्या चाळीतील ओडिया शेजारीण पुरीहून वाळवलेला महाप्रसाद आणते, तो त्या निमूटपणे घेतात. जगन्नाथाच्या अन्नाला उष्टे-सोवळे नाही, एकादशीदेखील नाही, हे त्यांना तिच्याकडूनच ठाऊक. भाचीने तो धागा पकडून हळूच चमचा पुढे केला. “हो जगन्नाथ न्हय,” मातोश्री म्हणाल्या, आणि चमचा बाजूला सारला. मात्र कढईतल्या एका भागाकडे बोट दाखवून त्यांनी नातीला सांगितले, “हो तुजो वांटो. हांगासरूनच खा.”

हाच आशीर्वाद, असे आम्ही समजलो. बिलाचा आकडा त्यांना आजतागायत सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या पेटीत सोलां, तिरफळे आणि एक पंचांग गेले. वालेन्सियास पोहोचून महिना होण्याच्या आत तिने विचारले की पंचांगात सूर्योदय मुंबईचा दिला आहे. येथे सूर्य साडेचार तासांहून अधिक उशिरा उगवतो, तर एकादशी कोणत्या दिवशीची धरावी? पांडेसऱ्यातील आमच्या घरी यावर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी मातोश्रींच्या आज्ञेवरून मठात पत्र घातले आहे.