लालाचा हिरवा

शुक्रवारी संध्याकाळी पाच जणांच्या स्लाइड्स एकत्र करायचं काम हमखास माझ्याकडे येतं. साधं पेस्ट केलं की पॉवरपॉइंट पाहुण्या स्लाइडला आपल्या फाइलची थीम चढवतं. एकदा टेस्टिंगवाल्यांचा धोक्याचा लाल चौकोन असाच हिरवा झाला! रंग थीममधला होता ना. क्लायंटला सगळं आलबेल वाटलं असतं! ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडलं तर रंग टिकतो, पण स्लाइडमागोमाग तिचा मास्टरही बिऱ्हाड घेऊन येतो. मग एका फाइलमध्ये पाच संसार. म्हणून आता मी आधीच सगळ्यांना एक टेम्प्लेट पाठवतो. नटणं-मुरडणं थीमवर सोडा. अर्थ सांगणारा रंग मात्र ‘स्टँडर्ड कलर्स’मधूनच घ्या. आणि शेजारी ‘धोका’ असं लिहा. प्रिंट काळीपांढरी निघाली तरी कळेल.