विक्रांतचे आजोळ

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून नागपूर, भंडारा, गोंदिया ही ओळखीची स्थानके मागे टाकली, की वाचकहो, तुमचा मराठी मुलूख संपत येतो. दरेकशाचा डोंगर आणि बोगदा ओलांडला की डोंगरगडच्या टेकडीवर बमलेश्वरीचे देऊळ दिसू लागते आणि छत्तीसगड सुरू होतो. मग सपाट भातखाचरे, बांधांवरची झाडे, गावोगावची तळी. राजनांदगाव जाते, दुर्ग जाते, भिलाईची धुराडी डोळ्यांसमोरून सरकतात आणि खारून नदीचा पूल ओलांडून गाडी रायपुरास पोहोचते. येथून समुद्र गाठावयाचा तर विशाखापट्टणमची वाट धरावी लागते, आणि ती रेल्वेने एका रात्रीची आहे. अशा या प्रदेशात मी तुम्हांला एका जहाजाचा माग काढावयास आणले आहे, हे ऐकून तुम्हांला कदाचित हसू येईल.

ते जहाज म्हणजे 'विक्रांत'. पहिली 'विक्रांत' मुंबईकरांच्या चांगली परिचयाची होती. ब्रिटनमध्ये बांधलेली ती नौका १९६१ साली आपल्या नौदलात आली, निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षे मुंबईच्या बंदरात संग्रहालय होऊन उभी राहिली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिचेच नाव धारण करणारी नवी विमानवाहू नौका मात्र कोचीच्या सरकारी गोदीत बांधली गेली. तिचा कणा २००९ मध्ये घातला गेला, २०१३ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये. एवढ्या मोठ्या सरकारी कामाचा पैसा देशात कोठकोठे झिरपला असेल, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. जन्म कोचीचा खरा. पण तिच्या अंगातील लोखंडाचे आजोळ शोधू लागलात, तर त्यांतील एक वाट तुम्हांला रायपुराच्या परिसरात आणून सोडते.

युद्धनौकेचे पोलाद आपण पूर्वी रशियाकडून आणीत असू. 'विक्रांत'च्या वेळी ते तसे मिळेना, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळा, नौदल आणि 'सेल' हे सरकारी पोलाद महामंडळ यांनी मिळून ते येथेच घडविले. हे पोलाद नुसते कठीण असून भागत नाही. स्फोटाचा हादरा बसला तर त्याने वाकावे, पण काचेसारखे तडकू नये. थंड पाण्यात त्याचा चिवटपणा कमी होता कामा नये. आणि हजारो पत्रे एकमेकांस जोडावयाचे असल्यामुळे वेल्डिंगच्या जागी त्यात भेग पडता कामा नये. ज्या डेकवर विमाने उतरावयाची, त्याच्यासाठी तर याहूनही बळकट प्रत लागते. असे सुमारे ३०,००० टन पोलाद 'सेल'च्या भिलाई, बोकारो आणि रुरकेला या तीन कारखान्यांनी पुरविले.

आता जरा हिशेब करू. भिलाईचा कारखाना वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास पोलाद काढतो. म्हणजे 'विक्रांत'चे सारे पोलाद जरी एकट्या भिलाईने दिले असते, तरी ते त्याचे दोन-अडीच दिवसांचे काम ठरले असते. आणि येथे तर वाटेकरी तीन, आणि पुरवठा कित्येक वर्षांवर पसरलेला. गोदीतील सुमारे २,००० लोकांना आणि पूरक उद्योगांतील १२,००० हून अधिक लोकांना या नौकेने काम दिले असे सरकारी हिशेब सांगतो. त्यांतील गोदीचे काम तर कोचीचेच. तेव्हा एका जहाजाने छत्तीसगडचे भाग्य उजळले, असे जर कोणी तुम्हांला सांगू लागले, तर त्यावर एकदम विश्वास ठेवू नका.

मग या मुलखाला मिळाले काय? मला वाटते, मिळाली ती पत. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. ज्या शेतांत भातावाचून काही पिकत नव्हते, तेथील मुले आणि नातवंडे तापलेल्या पत्र्याच्या रंगावरून त्याचे तापमान ओळखू लागली. रेल्वेचे रूळ करणारा कारखाना म्हणून भिलाई प्रथम नावारूपास आली. युद्धनौकेच्या पत्र्यांची परीक्षा याहून कडक. आणि त्या परीक्षेत उतरलेल्या कारखान्यांकडे पुढची कामेही येतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'निलगिरी' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. तिचेही पोलाद 'सेल'चेच. टनांच्या हिशेबात न मावणारा लाभ तो हाच.

परंतु आजोळास गेल्यावर आजीची प्रकृतीही विचारावी लागते. भिलाईहून दक्षिणेस नव्वदएक किलोमीटरवर दल्ली-राजहरा आहे. तेथील तांबड्या डोंगरांतून भिलाईचे लोहखनिज आले. ते खणणाऱ्या कंत्राटी मजुरांची स्थिती फार हलाखीची होती. १९७७ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. शंकर गुहा नियोगी हे तिचे नेते. १९८३ मध्ये मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून 'शहीद रुग्णालय' उभारले. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे हत्या झाली. जहाजाच्या पत्र्यावर हे काही कोरलेले नसते. म्हणून येथे सांगितले.

आणि ते डोंगर आता रिते होत आले आहेत. पुढचे खनिज रावघाटातून यावयाचे. त्यासाठी राजहऱ्याहून नवी रेल्वे घातली जात असून २०२२ मध्ये अंतागढपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. ज्या गावांना वाहनासाठी मैलोगणती चालावे लागे, त्यांना ती गाडी खरोखरच सोयीची आहे. पण रावघाटचे जंगल आणि त्यातील देवस्थाने ही तेथील गोंड गावांची शतकानुशतकांची ठेव आहे. ती जाऊन काय येणार, हा त्यांचा प्रश्न अवास्तव म्हणता येत नाही.

आता रायपुरास परत येऊ. मराठी माणसाला हे शहर परके वाटू नये. नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत येथे भोसल्यांचा अंमल होता आणि दूधाधारी मठात त्यांच्या आश्रयाच्या खुणा अजून दाखवितात. १ नोव्हेंबर २००० पासून ते राज्याची राजधानी आहे. उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि सळ्या काढणाऱ्या मिला दाटीने उभ्या आहेत. नौदलाचा पत्रा यांच्याकडून जात नाही. मात्र लोखंडाचा व्यापार, लेथवर सुटे भाग कातणारी छोटी दुकाने, मालमोटारींचे अड्डे, हे सारे भिलाईच्या सावलीत वाढले. पंडरीच्या कापडबाजारात लग्नसराईत उभे राहून पाहा. भिलाईच्या पगाराचा पैसा तेथे कसा फिरतो ते दिसेल. आणि सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, तीही याच उद्योगांची देणगी आहे.

परतीच्या प्रवासाआधी थोडा वेळ रायपूर स्थानकाच्या फलाटावर थांबा. विजयनगरमकडून आलेला लोहमार्ग, जो १९३१ मध्ये पूर्ण झाला, येथे मुख्य मार्गास मिळतो. भिलाईच्या भट्टीला लागणारा चांगल्या प्रतीचा कोळसा परदेशातून जहाजाने विशाखापट्टणमला उतरतो आणि याच मार्गाने वर चढतो. तुमची गाडी येईपर्यंत काळ्या वाघिणींची एक लांबलचक रांग सावकाश भिलाईच्या दिशेने निघून जाईल. मुले सोबत असतील, तर त्यांना डबे मोजावयास सांगा.